मशीनचा आवाज : नको

मिस्त्रींना खऱ्या नावाने हाक मारणारं त्या शर्टांच्या कारखान्यात कोणी उरलं नव्हतं, आणि मारली असती तरी त्यांनी ओ दिली नसती. एक तर सवय मोडली होती. दुसरं म्हणजे माणसांचं बोलणं त्यांना गेली चार-पाच वर्षं धड ऐकू येत नव्हतं. मशीनचं मात्र सगळं ऐकू यायचं. अगदी पोटातलं.

छत्तीस शिलाई मशिनं एकदम धडधडत असायची, शेजारच्या बाईने ओरडून सांगितलं तरी शब्द लागू नये असा कल्ला. आणि हे गृहस्थ सकाळी दारात चपला काढता काढता मान तिरकी करायचे नि म्हणायचे, "नऊ नंबरची सुई बदला. आणि तेवीसला तेल द्या, रडतंय बिचारं." नऊ नंबरवाली हसायची. म्हणायची, काहीतरीच काय मिस्त्री, माझं मशीन लोण्यासारखं चाललंय. मिस्त्री वाद घालायचे नाहीत. तासाभरात सुई कट्कन मोडायची, ती बाई खाली वाकून सुईचे तुकडे शोधू लागायची आणि मिस्त्री लांब उभे राहून छताकडे बघायचे. "मी म्हटलं होतं" असं त्यांनी कधी म्हणून दाखवलं नाही. छताकडे बघायचे, तेवढं पुरायचं.

तुकडे का शोधायचे ते सांगायला हवं. तिथे लहान मुलांचे शर्ट शिवत. शिवणीत सुईचं टोक राहिलं तर ते उद्या कोणाच्या तरी तान्ह्या पाठीत जाणार. म्हणून एक वही होती. सुई मोडली की मशीन बंद. सगळे तुकडे गोळा करायचे, जुळवून सुई पूर्ण होते का बघायचं, आणि तारीख घालून चिकटपट्टीने वहीत चिकटवायचे. कणभर तुकडा कमी असला तरी मशीन सुरू करायचं नाही. वही मिस्त्रींच्या ताब्यात. महिन्याला एक सुई, फार तर दोन. "हे माझं प्रगतिपुस्तक," असं ते म्हणायचे.

तर असा माणूस. आणि याच्या कानात यंत्र बसवायचं ठरवलं त्याच्या लेकीने.

आता तिचंही एकदम चुकलं असं कसं म्हणावं? मागून येणाऱ्या स्कूटरचा हॉर्न ऐकू आला नाही म्हणून बाप एकदा कोपर सोलवटून घरी आला होता. आई रोज सांगायची, "तीस वर्षं संसार केला, त्यातली शेवटची पाच वर्षं भिंतीशी बोलतेय. भिंत निदान मान डोलावत नाही, हे ऐकू न येताच डोलावतात." कुठल्याही पोरीने हातपाय हलवले असते. हिने जरा जास्तच हलवले, एवढंच.

लेक सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या अ‍ॅपमधल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. आईच्या मते हे काम ती लहानपणापासून फुकटात करत होती. घरात कोणी काय वापरायचं हे तिनेच ठरवायचं. आईच्या फोनमध्ये कुठला ब्राउझर, पासवर्ड किती अक्षरी, अपडेट आजच करायचं की आठ दिवस थांबून, लोकांच्या शिव्या वाचून मग करायचं. जेवताना कुठल्या नव्या फोनचं नाव निघालं की ताटातलं अन्न गार झालंच म्हणून समजा. यंत्र निवडायला तिने दोन महिने घेतले. तुलनेचे तक्ते केले, एकशे चाळीस लोकांची मतं वाचली, त्यातल्या तिघांशी भांडलीसुद्धा. शेवटी निवडलं ते म्हणजे हुशारीचा कळस. शेंगदाण्याएवढं, दोन्ही कानांमागे एकेक बसणारं, आणि आत म्हणे एक प्रोग्राम, जो क्षणाक्षणाला ठरवतो की हे बोलणं आहे, ऐकवा; हा गोंगाट आहे, गाळा.

"आणि बाबा, हे शिकत जातं," ती कौतुकाने म्हणाली.

"कोणाकडून?" मिस्त्रींनी विचारलं.

"आपोआप!"

मिस्त्रींनी मान डोलावली. आपोआप शिकलेला एकही माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण लेकीपुढे कुठे तोंड उघडा.

कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं, महिनाभर सलग घाला. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, काढ-घाल केलीत तर सगळं मुसळ केरात. लेकीने ते फारच मनावर घेतलं. यंत्राचं अ‍ॅप तिने स्वतःच्या फोनमध्ये ठेवलं, कारण बाबा कुठेतरी बोट लावणार आणि सगळं बिघडवून ठेवणार. ते अ‍ॅप तिला रोज चुगली करायचं, आज किती तास घातलं. चौदा तास भरले की पडद्यावर एक फूल उमलायचं. कमी भरले की कोमेजायचं. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या रोज लेकीच्या फोनमधलं फूल उमलवायच्या मागे लागला.

पहिली संध्याकाळ मात्र सोन्यासारखी गेली. लेक बंद दाराआडून हळूच म्हणाली, "बाबा, चहा घेणार?" आणि मिस्त्री आतून म्हणाले, "अर्धा कप." बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग दोघी मायलेकींनी धुमाकूळ घातला. दुसऱ्या खोलीतून बोलून बघितलं, पाठ करून बघितलं, तोंडावर हात ठेवून बघितलं. मिस्त्रींना प्रत्येक शब्द कळला. लेक बोटं मोजत म्हणाली, "सगळ्या चाचण्या पास."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पुन्हा जायचं असल्याने मिस्त्री कारखान्यात डब्याच्या वेळीच पोचले, आणि डबा खाताना तर त्यांना नवं जगच सापडलं. तिथे कटिंग मास्तर, म्हणजे कापड कापणाऱ्यांचा मुख्य, फोनमध्ये बघून रोज तंत्रज्ञानाच्या बातम्या मोठ्याने वाचायचा. मास्तर फार विचारी माणूस आहे असा मिस्त्रींचा चार-पाच वर्षांचा समज होता. बोलणं ऐकू यायला लागल्यावर तो पहिल्याच दिवशी गेला.

"ऐका," मास्तर म्हणाला, "फोन आपलं सगळं बोलणं चोरून ऐकतात. काल मी बायकोला म्हटलं पंखा घ्यायला हवा, तर आज सकाळी पंख्यांच्याच जाहिराती! सोडा हे सगळं, माझ्यासारखा साधा फोन घ्या."

"तो हातात आहे तो कुठला?" कोणीतरी विचारलं.

"हा बातम्यांपुरता."

सतरा नंबरवर बसणारी बाई घास गिळत म्हणाली, "नशीबवान आहात मास्तर. माझ्या घरात कोणी उघडपणे ऐकत नाही. फोनने तरी चोरून ऐकावं की!"

सगळे हसले. मिस्त्रीही हसले, आणि कितीतरी वर्षांनी सगळ्यांच्या बरोबर हसले. नाहीतर ते नेहमी इतरांची तोंडं बघून, एक क्षण मागून हसायचे. छान वाटलं त्यांना. मनात म्हणाले, लेकीने काम चोख केलं.

मग घंटा झाली, छत्तीस मशिनं सुरू झाली आणि मिस्त्रींना वाटलं, वीज गेली की काय.

मशिनं चालू होती. सुया वरखाली होत होत्या, कापड सरकत होतं. पण आवाज? पलीकडच्या गल्लीत कोणीतरी शिवत असावं, तेवढाच. शेजारून जाणारी पोरगी मैत्रिणीला म्हणाली, "आज माझी पाठ दुखतेय गं," ते स्वच्छ ऐकू आलं. आणि समोर हातभर अंतरावर धडधडणारं मशीन मुकं.

होईल सवय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण दिवस जात राहिले आणि सवय काही होईना. सकाळी दारात उभे राहिले की सगळ्या जणी त्यांच्या तोंडाकडे बघायच्या, आज कोणाचं नाव निघतंय म्हणून. मिस्त्री मान तिरकी करायचे. काही म्हणजे काही यायचं नाही. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "ठीक आहे सगळं." ती थाप होती. तीस वर्षांत त्या दारात मारलेली पहिली. त्याच दुपारी दोन सुया मोडल्या.

एकदा त्यांनी घरच्या मोरीत जाऊन, दार लावून यंत्र काढून बघितलं. नळाची धार रजईखालून वाहतेय असं वाटलं, बाहेर कोणीतरी बोलत होतं तेही पुसट झालं. म्हणजे यंत्र घालून मशिनं ऐकू येत नाहीत आणि काढलं तर काहीच ऐकू येत नाही. मिस्त्रींनी सरळ हिशेब केला: कानच गेला. मशीन ऐकणारा जो काही भाग आत होता, तोच संपला. घाईघाईने यंत्र परत घातलं, फूल कोमेजायला नको म्हणून.

वहीत पंधरा दिवसांत सात सुया चिकटल्या. सात! प्रगतिपुस्तक उघडायची लाज वाटायला लागली.

त्यात मालकीणबाईंनी बोलावलं. चांगली बाई होती. कारखाना सासऱ्यांकडून आला तेव्हा तिला बॉबिन कशाशी खातात हे माहीत नव्हतं. मिस्त्रींनी शिकवलं आणि तिने ते कधी विसरल्याचं दाखवलं नाही. टेबलावर तिने एक पत्रक ठेवलं. त्यात चित्र होतं चकतीसारख्या कशाचं तरी, प्रत्येक मशीनला चिकटवायच्या. मशीनची थरथर ऐकतं आणि बिघाड व्हायच्या आधी फोनवर सांगतं.

"सोमवारी त्या कंपनीचा माणूस येतोय," ती म्हणाली. "सगळीकडे बसवतायत म्हणे. मला विचाराल तर तुमचा कान असताना या चकत्या कशाला, कळत नाही. पण तुम्ही म्हणाल तसं करू."

तुमचा कान असताना! मिस्त्रींना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ते एवढंच म्हणाले, "सोमवारी सांगतो."

पण ठरवलं त्याच वेळी. सोमवारी सांगायचं, बाई, चकत्या घ्या आणि मला मोकळं करा. कान गेलेल्या माणसाने कानाचा पगार घेणं म्हणजे शुद्ध चोरी. घरी कोणाला बोलले नाहीत. बायकोने दोनदा विचारलं, "बरं नाही का हो?" आणि त्यांनी दोनदा, अगदी नीट ऐकून, "बरं आहे की," असं उत्तर दिलं. नोकरी सोडल्यावर काय करायचं? घरी बसून सगळ्यांचं बोलणं स्वच्छ ऐकत राहायचं, दुसरं काय.

मग शनिवार आला. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं राहिली असताना सतरा नंबरवर कट् झालं आणि त्या बाईने "आई गं!" म्हणून डोळा धरला.

मिस्त्री धावले. तिने हात काढला तेव्हा डोळ्याखाली, हाडावर, रेघभर रक्त होतं. डोळा वाचला होता. बोटभर वर लागलं असतं तर? सुईचे तीन तुकडे मिळाले, चौथा मिळेना. सगळ्या जणी गुडघ्यांवर रांगत फरशी चाचपायला लागल्या. तुकडा शेवटी मिस्त्रींनाच दिसला, त्या बाईच्या भुवईत अडकलेला. त्यांनी तो चिमट्याने काढला आणि बाकीच्या तुकड्यांशी जुळवून बघितला.

"तुम्ही दवाखान्यात जा," ते तिला म्हणाले.

"खरचटलंय नुसतं. मशीन कशाने बिघडलं ते तर बघू द्या," ती म्हणाली आणि ओलं फडकं गालाला लावून तिथेच बसली. बाकीच्या जेवायला गेल्या. सगळं बंद झालं. अख्ख्या कारखान्यात एकटं सतरा नंबर, ती आणि मिस्त्री.

त्यांनी नवी सुई लावली, कापडाविना मशीन हळू चालवलं. काही ऐकू येईना. त्यांच्या वस्तादाने, ज्याच्या हाताखाली ते हे काम शिकले, त्याने एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवली होती: कान फसवतो, हाड फसवत नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची; मशीन स्वतः येऊन कवटीत बोलतं. पण त्या हाडावर आता यंत्र बसलं होतं, आणि काही जवळ नेलं की ते कुईंकन ओरडायचं. म्हणून पंधरा दिवसांत त्यांनी स्क्रूड्रायव्हर कानाकडे नेलाच नव्हता.

कानामागे जागा नाही. मग उरलं काय? मिस्त्रींनी इकडेतिकडे बघितलं, टोक मशीनच्या अंगाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली.

"मिस्त्री," ती बाई काळजीने म्हणाली, "भूक लागली असेल तर माझा डबा आहे."

मिस्त्रींनी हाताने गप्प बस अशी खूण केली. त्यांच्या दातांतून, जबड्यातून, थेट डोक्यात आवाज येत होता. चिक्. चिक्. चिक्. सुईच्या प्रत्येक फेरीला एक, बारीकसा. खालचा, दोरा पकडणारा हुक केसभर सरकलाय आणि सुईला चाटून जातोय. इतकं स्पष्ट, जणू वस्ताद शेजारी बसून सांगतोय.

त्यांनी दात उघडले. चिक् गेलं.

दात मिटले. चिक् आलं.

उघडले, गेलं. मिटले, आलं.

मग हळूच त्यांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढून फरशीवर ठेवली आणि नुसते मशीनपाशी वाकले. चिक्, चिक्, चिक्. लांबून, पण होतं! मोरीत तपासलं होतं शहाण्याने. मोरीत नळ होता. मशीन कुठे होतं तिथे?

कान गेला नव्हता. कान जिथल्या तिथे होता. त्याच्या दारात एक शेंगदाणा पहारेकरी म्हणून बसला होता आणि मशीन आलं की "साहेब घरी नाहीत" असं सांगून परत पाठवत होता.

मिस्त्री फरशीवर बसले आणि रडले. उगीच डोळ्यांत कचरा गेल्याचं सोंगही केलं नाही. ती बाई गालावरचं फडकं विसरून बघत राहिली. मग तिने डब्याचं झाकण उघडून त्यांच्यासमोर ठेवलं, कारण तिला दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी घरी पाय ठेवला तर लेक फोन हातात घेऊन उभीच.

"आज पाचच तास?" ती गरजली. यंत्र खिशात होतं तरी एवढं ऐकू आलं. "बाबा, किती वेळा सांगायचं? कोमेजलंय सगळं!"

मिस्त्रींनी यंत्र कानांत घातलं, म्हणजे बोलणं सोपं व्हावं. "कोमेजू दे. हे तुझं यंत्र माझं मशीन खातंय."

"खात नाहीये. ते गोंगाट गाळतं. तेच तर त्याचं काम आहे."

"तो गोंगाट आहे हे कोणी ठरवलं?"

"आता मशीनचा आवाज सगळ्या जगात गोंगाटच असतो, बाबा!"

"माझ्या जगात नाही!" मिस्त्री असे ओरडले की आतून बायको हातातलं टाकून बाहेर आली. या घरात त्यांचा आवाज चढलेला कोणाला आठवत नव्हता. "आज एका बाईचा डोळा जाता जाता वाचला. चिक् वाजत होतं, मला सकाळीच ऐकू यायला हवं होतं. मी दारात उभा राहून खोटं बोलतोय रोज. सोमवारी मी नोकरी सोडणार होतो, माहितेय? वाटलं, संपलो."

लेक म्हणाली, "थांबा, थांबा. असं होणार नाही. मी दाखवते." ती भराभर अ‍ॅपमध्ये बोटं फिरवायला लागली. आपण निवडलेली वस्तू चुकीची असेल हे तिच्या गावीही नव्हतं. पहिल्या दिवशीची प्रश्नावली उघडली आणि तिचं बोट थांबलं.

"वाच ना," आई म्हणाली.

लेक वाचेना. आईने फोन तिच्या हातातून घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मोठ्याने वाचायला लागली. "वापरणाऱ्याला कुठले आवाज नको आहेत? रहदारी: नको. गर्दी: नको. पंखा: नको. भांडी: नको." ती थांबली. "भांडी नको? अगं, मी रागावलेय हे यांना भांड्यांवरूनच कळतं! तरीच. पंधरा दिवस आदळतेय, आणि हा माणूस ढिम्म! मला वाटलं, आता यांना माझी पर्वाच राहिली नाही."

"पुढे?" मिस्त्रींनी विचारलं.

"मशीनचा आवाज: नको."

आईने चष्मा परत कपाळावर सारला.

"कोणी भरलं हे?" मिस्त्रींना उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"मी," लेक म्हणाली. "ऑफिसातून. घाईत सगळ्यांवर खूण केली. तुम्हाला विचारायला फोन लावला होता, पण तुम्हाला फोनवर..." फोनवर ऐकू येत नव्हतं म्हणून विचारलं नाही, आणि ऐकू यावं म्हणून जे आणलं ते न विचारता भरलं. ऑफिसात हीच बाई दुसऱ्यांना फाडून खायची, "वापरणाऱ्याला विचारलंत का?" म्हणून. तिचे कान लाल झाले. "मी चाचण्या तरी काय केल्या, बाबा? चहा घेणार का, एवढंच. मी ऐकू येते का तेवढंच बघितलं."

मिस्त्रींचा राग तिथेच निम्मा उतरला. उरलेला निम्मा त्यांनी ठेवून घेतला. इतक्या लवकर सगळा देऊन टाकायचा तर करायचा कशाला?

"आता नीट कर," ते म्हणाले. "आणि ते अ‍ॅप माझ्या फोनमध्ये टाक. कान माझा आहे."

तासभर ती बापाशेजारी बसली. एकेक आवाज विचारत गेली, हा हवा? हा नको? रहदारी हवी, मागून स्कूटर येते. पंखा नको, पंख्याला काही सांगायचं नसतं. भांडी? बायकोने डोळे वटारले. भांडी हवीत. मशीनसाठी एक वेगळंच खातं केलं, त्यात गाळणी पूर्ण बंद. अ‍ॅपने विचारलं, याला नाव काय द्यायचं? मिस्त्री म्हणाले, "कारखाना." आणि दुसऱ्याला? "घर." मग त्यांनी स्वतःच्या बोटाने घर, कारखाना, घर, कारखाना असं दहा वेळा करून बघितलं, लेक मध्ये बोट घालायला गेली तेव्हा तिच्या हातावर चापट मारली.

सोमवारी लेक अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्याबरोबर कारखान्यात आली. इतक्या वर्षांत ती आत कधी आलीच नव्हती. लहानपणी डबा घेऊन यायची तीही फाटकापर्यंत. मिस्त्रींनी दारात फोन काढून बोट लावलं, चपला काढल्या, मान तिरकी केली आणि डोळे मिटले. सगळ्या जणी त्यांच्याकडे बघत होत्या. लेकीचा जीव मुठीत.

"सतरा बरं आहे," ते म्हणाले. "एकतीसचा पट्टा आज-उद्याकडे तुटणार. आणि त्या कोपऱ्यात कोणीतरी सुई तिरकी बसवलीय, कोण ते हात वर करा."

कोपऱ्यातून एक हात वर आला. हशा पिकला. लेक मुद्दाम एकतीसपाशी जाऊन वाकून बघून आली. पट्टा एका बाजूने अर्धा विरला होता.

चकत्यावाला माणूस आला, टाय-बिय लावून. मालकीणबाईंसमोर त्याने फोनवर हिरवे-लाल ठिपके दाखवले. "आणि हे शिकत जातं," तो म्हणाला.

"कोणाकडून?" मिस्त्रींनी विचारलं.

"आपोआप."

मिस्त्रींनी लेकीकडे बघितलं. लेकीने जमिनीकडे. "आपोआप काही नसतं, साहेब," मिस्त्री म्हणाले. "ठणठणीत कुठलं आणि आजारी कुठलं, हे पहिल्यांदा त्याला कोणीतरी सांगणार ना? नाहीतर आमचं कण्हणं ते गोंगाट म्हणून फेकून देईल. कोण सांगणार?"

माणूस चाचरला. "म्हणजे... पहिले दोन-तीन महिने इथल्या जाणकाराने नोंदी करून द्याव्या लागतात."

मालकीणबाई हसली. "मग बोला जाणकार. काय करायचं?"

शनिवारपर्यंत याच प्रश्नाला त्यांच्याकडे वेगळं उत्तर तयार होतं. ते म्हणाले, "दहाच लावा आधी. मी शिकवतो त्यांना. माझा कान काही जन्माला पुरणार नाही, खरोखरच जाईल एक दिवस. तोपर्यंत शिकली तर शिकली."

माणूस गेला. घंटा झाली आणि छत्तीस मशिनं पुन्हा सुरू झाली. लेक मशिनांच्या मधोमध उभी राहिली. असा कल्ला तिने आयुष्यात ऐकला नव्हता. छातीत धडधडत होता. त्या सगळ्यातून तिचा बाप हात मागे बांधून सावकाश चालला होता, एका मशीनपाशी थांबत होता, दुसऱ्याला नुसता हात लावून पुढे जात होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते तिने घरी कधी बघितलं नव्हतं. हे आपण खूण करून बंद केलं होतं, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

तो जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, माझं चुकलं."

मिस्त्रींनी तिच्या ओठांकडे बघितलं. "काय?"

"माझं चुकलं!"

"ऐकू येत नाही गं या कल्ल्यात!"

तिने मान हलवली, राहू दे म्हणून. पण मिस्त्रींनी खिशातून फोन काढला. चष्मा नाकावर ओढला. जाड, तेलकट बोटाने, चुकत माकत, पहिल्यांदा भलतंच काहीतरी उघडून, मग परत येऊन, त्यांनी कारखान्यावरून घरावर केलं. त्यांच्यापुरती छत्तीस मशिनं गप्प झाली. ते लेकीसमोर उभे राहिले.

"हां," ते म्हणाले. "आता बोल."